नुसतं ‘जपून राहा’ म्हणून भागत नाही

ऑगस्ट २०१६ मध्ये आईची किडनी मला बसवली. तेराव्या दिवशी घरी सोडताना दवाखान्यानं एक छापील कागद हातात दिला. पाणी उकळून प्या. बाहेरचं खाऊ नका. कोशिंबीर आणि मोड आलेली कडधान्यं कच्ची खाऊ नका. गर्दीत जाऊ नका, मास्क लावा. मातीत हात घालू नका. ताप अंगावर काढू नका. शेवटी ठळक अक्षरांत, ‘जंतुसंसर्गापासून जपा.’ तो कागद आजही माझ्या फाइलला सगळ्यात वर लावलेला आहे, आणि त्यातली एकही सूचना चुकीची नाही. मी कृष्णाकाठच्या गावात राहतो, पतसंस्थेत कारकुनी करतो, घरचा दोन एकर ऊस आहे, नळाला दिवसाआड पाणी येतं. या सगळ्यात बसवून मी तो कागद पाळत आलो. तरी मला तीन मोठे संसर्ग झाले, आणि तिन्ही वेळा मी कुठलं पथ्य मोडलं होतं हे शोधून सापडलं नाही.

किडनी बसवलेल्या माणसाला जपणं हे त्या माणसाचं आणि त्याच्या घरच्यांचं काम, असं आपण सगळे धरून चालतो. डॉक्टर तसं धरतात, सरकार तसं धरतं, आणि इतकी वर्षं ऐकून ऐकून आम्ही रुग्णही तसंच धरतो. मला हे मान्य नाही. यातलं निम्म्याहून जास्त काम घराच्या उंबऱ्याबाहेरचं आहे, ते सार्वजनिक आहे, आणि ते कुणी अंगावर घेतलेलं नाही, एवढंच मला इथे मांडायचं आहे.

आधी धोका कुठून येतो ते सांगतो. १९५४ च्या डिसेंबरमध्ये बोस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी जगातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण केलं. देणारा आणि घेणारा हे अगदी एकसारखे जुळे भाऊ होते, त्यामुळे शरीराला ती किडनी परकी वाटलीच नाही. बाकी आम्हा सगळ्यांची शरीरं नव्या किडनीवर चालून जातात, मग ती सख्ख्या आईची का असेना. म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात. माझ्या डब्यात टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि थोडं स्टेरॉइड असतं. (यातलं टॅक्रोलिमस जपानमध्ये त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून १९८४ साली मिळालं. ज्या मातीत हात घालू नको म्हणतात, तिच्यातूनच माझं औषध आलं, याचं मला आजही नवल वाटतं.) ही औषधं किडनीवरचा हल्ला थोपवतात, पण त्यासाठी घरचे सगळेच राखणदार निम्मे झोपवावे लागतात. मग बाहेरून येणारा जंतू तर आत शिरतोच, शिवाय जे जंतू वर्षानुवर्षं अंगात गप्प पडून असतात तेही उठून बसतात. आपल्याकडे बहुतेक प्रौढ माणसांच्या अंगात सीएमव्ही नावाचा विषाणू लहानपणापासून असतो आणि जन्मभर त्याचा पत्ताही लागत नाही. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तोच आतडी, फुप्फुसं, डोळे धरतो. बीके नावाचा दुसरा एक विषाणू थेट नव्या किडनीलाच खातो. टीबीचंही तसंच. आतून उठणाऱ्या या जंतूंपुढे उकळलेलं पाणी काय करणार? तिथे वेळेवर तपासणी आणि औषध लागतं, आणि ते रुग्णाच्या हातात नसतं. त्यात स्टेरॉइडमुळे ताप नीट चढत नाही, त्यामुळे आजार अर्ध्या वाटेवर येईपर्यंत पत्ता लागत नाही. श्रीमंत देशांत आमच्यासारख्यांचा जीव बहुधा हृदयविकारानं जातो. आपल्याकडे तो जास्त करून संसर्गानं जातो. शस्त्रक्रिया तीच आणि औषधंही तीच असताना हा फरक पडतो, तो आजूबाजूच्या परिस्थितीमुळे.

माझा टीबी २०१८ चा. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, ९९ च्या वर पारा जात नव्हता. वजन उतरत होतं. खोकला नाही, एक्स-रे स्वच्छ. पाच आठवड्यांनी मानेत गाठ आली, तिचा तुकडा तपासला तेव्हा निदान झालं. सरकारी गोळ्या सुरू झाल्या. मोफत होत्या, वेळेवर मिळत होत्या, गोळ्या देणारी ताई मायेनं चौकशी करायची, हे सगळं मी मनापासून सांगतो. किडनी बसवली आहे हे मी तिथे सांगितलं होतं. ‘दोन्ही औषधं चालू ठेवा,’ असं उत्तर मिळालं. आम्ही चालू ठेवली. दोन आठवड्यांनी टॅक्रो लेव्हल (रक्तात टॅक्रोलिमस किती आहे ते) केली, तर कायम सहा-साडेसहा असणारी लेव्हल दोनच्या खाली. क्रिएटिनिन (हा आकडा चढला की किडनी मंदावली असं समजायचं) १.२ वरून २.१.

झालं होतं ते असं. टीबीच्या नेहमीच्या गोळ्यांत रिफॅम्पिसिन असतं. ते यकृताला इतकं कामाला लावतं की टॅक्रोलिमस रक्तात टिकायच्या आत मोडून टाकलं जातं. मी एकही डोस चुकवला नव्हता, तरी माझ्या रक्तात औषध नव्हतं, आणि आईची किडनी उघड्यावर पडली होती. मग रिजेक्शन, म्हणजे शरीरानं किडनी नाकारणं, ते थोपवायला स्टेरॉइडची मोठी इंजेक्शनं, आणि ती अंगात टीबी असताना. रिफॅम्पिसिन काढून त्याच जातीचं, पण टॅक्रोलिमसला इतकं न मोडणारं रिफाब्युटिन दिलं, ते आम्ही बाहेरून विकत आणलं. रिफॅम्पिसिन थांबल्यावर यकृत हळूहळू जागेवर येतं, तशी लेव्हल उलट्या दिशेनं चढते, म्हणून महिनाभर दर चौथ्या दिवशी रक्त. टीबीचा कोर्स वर्षभर चालला आणि बरा झाला. क्रिएटिनिन १.६ वर थांबलं, ते पुन्हा खाली आलं नाही.

मी हे कुणावर खापर फोडायला लिहीत नाही. त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आयुष्यात किडनी बसवलेले किती रुग्ण पाहिले असतील? त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि ते न सांगणं हाच माझा मुद्दा आहे. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. १९७१ साली ज्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये देशातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण झालं, त्याच कॉलेजनं २००१ मध्ये आपल्या प्रत्यारोपणाच्या रुग्णांचा अभ्यास छापला. त्यात १,२५१ पैकी १६६ जणांना पुढे टीबी झाला होता, म्हणजे शंभरात तेरा. हा आकडा डोळ्यांपुढे असताना किडनी बसवलेल्या माणसाचा टीबी हा अपवाद म्हणता येत नाही. तो येणार हे धरूनच तयारी हवी.

आणि अशी तयारी आपल्याला जमत नाही असंही नाही. १ एप्रिल २००४ पासून आपल्या देशात एचआयव्हीची औषधं सरकारी एआरटी केंद्रांत मोफत मिळू लागली. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. पुढे केंद्रं वाढत जिल्ह्यापर्यंत आली. तिथे काय मिळतं ते पाहा. जन्मभराची औषधं, ठरावीक काळानं रक्ततपासणी, न्यूमोनिया टाळणारी स्वस्त को-ट्रायमोक्साझोलची गोळी, दर भेटीला टीबीची विचारपूस. एचआयव्हीच्या काही औषधांचं रिफॅम्पिसिनशी जमत नाही, म्हणून ती घेणाऱ्याला टीबी झाला तर रिफाब्युटिन द्यायचं, हेही ठरलेलं आहे. म्हणजे ज्या गोळीसाठी माझ्या बायकोनं तीन शहरांत फोन लावले, ती गोळी याच व्यवस्थेला माहीत होती. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला जन्मभर कसं सांभाळायचं, हे आपल्या सरकारी यंत्रणेनं वीस वर्षं करून दाखवलं आहे. त्यासाठी एचआयव्हीसह जगणारी माणसं संघटित होऊन झगडली, हेही खरं. आम्ही विखुरलेले आहोत, प्रत्येक जण आपापल्या फाइलला चिकटून बसलेला.

पाण्याकडे येतो. कागदावर ‘उकळून प्या’ असतं, आणि आमच्या घरी २०१६ पासून एक गॅस त्यासाठीच जळतो. पण माणूस पाणी फक्त पीत नाही. भाजी त्याच पाण्यात धुतो, चूळ भरतो, कामावर चहा घेतो, पाहुण्यांकडे ताटावर बसतो. २०२३ च्या पावसाळ्यात गावात जुलाबाची साथ आली. बाकीचे दोन दिवसांत उठले, मी तीन आठवडे. जुलाबात आतड्याचं अस्तर खराब झालं की टॅक्रोलिमस एरवीपेक्षा जास्त शोषलं जातं आणि लेव्हल चढते, हे मला तेव्हा कळलं. एकीकडे अंगातलं पाणी गेलेलं, दुसरीकडे औषधाचं विष चढलेलं, आणि मार दोन्हीकडून किडनीलाच. ज्या नोरोव्हायरसनं धडधाकट माणूस दोन दिवस आजारी पडतो, तो आमच्या आतड्यात महिनोन्‌महिने मुक्काम करू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात गुलेन बारी सिंड्रोमचे (नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) दोनशेच्या आसपास रुग्ण निघाले, तेव्हा तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले होते. ती काही दुर्गम वाडी नव्हती. तिथल्या घरांतही किडनी, यकृत बसवलेली, केमोथेरपी घेणारी माणसं राहतात.

त्या जुलाबानंतरच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो. पाण्यात टीसीएल (क्लोरीनची) पावडर रोज टाकली जाते का, ओटी टेस्टची (पाण्यात क्लोरीन उरलं का ते पाहायच्या चाचणीची) वही दाखवा, नळाच्या शेवटच्या टोकाला क्लोरीन उरतं का, एवढंच विचारलं. एक जण म्हणाला, ‘दादा, तुमच्या एकट्यासाठी गावानं रोज परीक्षा द्यायची व्हय?’ मला राग आला नाही, कारण हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो, फक्त तो मोठ्यानं बोलला. ओटी टेस्ट माझ्यासाठी नाही. ती रोज करायची असं सरकारनंच सांगितलेलं आहे, आणि त्या साथीत सलाइन लागलेली पोरं माझी नव्हती. फरक एवढाच की गावानं केलेल्या हयगयीचा दंड बाकीच्यांना दोन दिवसांचा बसतो आणि मला एका अवयवाचा.

गर्दीचंही असंच. गर्दी टाळा म्हणतात, पण वर्षातली सगळ्यात दाट गर्दी मला दवाखान्यातच भेटते. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत एकाच लांबलचक बाकावर खोकणारे, तापलेले, जखमा वाहणारे आणि आमच्यासारखे मांडीला मांडी लावून चार-चार तास बसतात. प्रत्यारोपणाच्या रुग्णांना आठवड्यातली एक सकाळ आणि वेगळं दार द्यायला नवी इमारत लागत नाही. बायकांचं दुखणं आणखी वेगळं. किडनी बसवल्यावर सगळ्यात जास्त होणारा संसर्ग लघवीचा असतो, आणि तो बायकांना जास्त होतो. ‘भरपूर पाणी प्या, लघवी तुंबवू नका,’ असं त्यांना बजावून सांगतात. मग त्या एसटीनं निघतात, आणि स्टँडवरच्या स्वच्छतागृहात पाय ठेववत नाही म्हणून सकाळपासून घोटभरही पाणी पीत नाहीत. हल्ली लघवीतले जंतू नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाहीत, दहा-दहा दिवस भारी इंजेक्शनं घ्यावी लागतात. त्या खर्चाचा उगम स्टँडवरच्या त्या दारात आहे, हे कुठल्याच हिशेबात येत नाही.

मुंबईत २०२५ च्या पावसाळ्यात कबुतरखान्यांवरून वाद पेटला तेव्हा मी तो रोज वाचत होतो. कबुतरांच्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी वाढते आणि आमच्यासारख्यांच्या मेंदूपर्यंत पोहोचू शकते. मुक्या जिवाला दाणा घालणाऱ्या हातांबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण जिथून लोकांना रोज श्वास घेत जावंच लागतं अशा चौकात हे नको, एवढं माझं स्पष्ट मत आहे.

आता लसीकरण. या बाबतीत आमचा विचार किती उशिरा होतो, हे २०२१ नं तारखांसकट दाखवलं. १ मार्च २०२१ ला साठीच्या पुढच्यांना आणि ४५ ते ५९ वयाच्या ठरावीक आजारांच्या लोकांना करोनाची लस खुली झाली. आजारांच्या यादीत किडनी प्रत्यारोपणाचा स्पष्ट उल्लेख होता. म्हणजे धोका कुणाला आहे हे माहीत होतं. पण वयाची अट तशीच राहिली, आणि मी ३६ वर्षांचा होतो. प्रत्यारोपण होणाऱ्यांत तिशी-चाळिशीतले कितीतरी असतात, कारण देणारी आई किंवा बायको धडधाकट असते आणि घेणाऱ्याच्या अंगात शस्त्रक्रिया सोसण्याची ताकद असते. एप्रिलमध्ये मला करोना झाला. अकरा दिवस ऑक्सिजनवर होतो. १ मे रोजी अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली, आणि दोन आठवड्यांच्या आतच तुटवड्यामुळे राज्यात १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवावं लागलं. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसात दोन डोस पुरे पडत नाहीत हे तोवर कळू लागलं होतं. अमेरिकेनं १२ ऑगस्ट २०२१ ला अवयव बसवलेल्यांसाठी तिसरा डोस मंजूर केला. आपल्याकडे १० जानेवारी २०२२ ला तिसरा डोस सुरू झाला तो आरोग्यसेवक, आघाडीचे कर्मचारी आणि साठीच्या पुढचे आजारी यांच्यापुरता. बाकीच्यांना १० एप्रिलपासून, खासगी केंद्रांत, पैसे भरून. लस तेव्हा सगळ्यांना पुरणार नव्हती हे मान्य. पण अशा वेळीच रांग कशी लावायची हे ठरवावं लागतं. वयाची अट फक्त या एका आजारापुरती शिथिल केली असती, तर देशभरात किती डोस जादा लागले असते?

करोना मागे पडला, पण रांगेचा तो विचार बदलला नाही. आपलं लसीकरण लहान मुलं आणि गरोदर बायांभोवती उभं राहिलं, ते योग्यच झालं. मोठ्या माणसाच्या लसीला मात्र त्यात घर नाही. न्यूमोनियाची लस मी पदरचे पैसे घालून घेतली. त्यातही एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत विषाणूच्या लसी प्रत्यारोपणानंतर घेता येत नाहीत. ज्या घ्यायच्या त्या आधी, डायलिसिसवर असतानाच. त्या काळात माणूस आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खाटेवर चार तास हक्कानं सापडतो. तिथल्या केसपेपरवर लसींचा रकाना हवा. मला तेव्हा हेपेटायटिस बी सोडून दुसऱ्या लसीबद्दल कुणी अक्षरही बोललं नाही.

पैशाचा आक्षेप येणारच, आणि तो मला झटकायचा नाही. ज्या राज्यात मेळघाटात अजून कुपोषणानं मुलं दगावतात, तिथे काही हजार लोकांवर एवढा खर्च का? देशात २०२३ साली साडेतेरा हजारांच्या आसपास किडनी प्रत्यारोपणं झाली, म्हणजे आमची संख्या खरंच लहान आहे. पण खर्च करायचा हे राज्यानं आधीच ठरवलेलं आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख केली. निर्णय चांगला आहे. मात्र शस्त्रक्रिया एका दिवसाची असते आणि औषधं उरलेल्या आयुष्याची. घरची ओढाताण झाली की माणूस आधी काय करतो? दोनची एक गोळी करतो. टॅक्रो लेव्हल तपासायचे पैसे वाचवतो. मग रिजेक्शन येतं, ते मोडायला प्रतिकारशक्ती आणखी खाली दाबावी लागते, आणि त्या खड्ड्यात सीएमव्ही, बुरशी, टीबी उतरतात. म्हणून रोजची औषधं मोफत देणं ही संसर्ग टाळण्याचीच उपाययोजना आहे, हे ज्या दिवशी आरोग्य खात्याच्या हिशेबात येईल त्या दिवशी खर्चाचा तक्ता वेगळा दिसेल. अमेरिकेत पासष्टीच्या आतल्या बहुतेक रुग्णांचा या औषधांचा सरकारी आधार तीन वर्षांनी तुटायचा. माणसं औषधं सोडायची, किडनी गमवायची आणि पुन्हा सरकारी खर्चानं डायलिसिसवर यायची. शेवटी त्यांनी कायदा बदलला, आणि जानेवारी २०२३ पासून ज्यांना दुसरा विमा नाही त्यांच्यासाठी तो आधार कायमचा केला. त्या श्रीमंत देशाला हे उमगायला काही दशकं लागली. आपण तेवढी घालवायचं कारण नाही.

शिवाय डायलिसिसवर परत गेलेल्या माणसाला दुसरी किडनी कोण देणार? आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. माझी आई आता ६३ वर्षांची आहे. रिपोर्ट आला की ती फक्त एक आकडा विचारते. पाणी, टीबी, लस यांच्या हयगयीत जी किडनी जाते, ती बहुतेक वेळा अशाच कुणाच्या तरी अंगातून काढून दिलेली असते, आणि राज्याच्या साडेचार लाखांत तिची किंमत धरलेली नसते.

सगळं एका दिवसात होणार नाही, हे कळतं. जिल्ह्याच्या एआरटी केंद्राला लागूनच प्रत्यारोपणाच्या रुग्णांची औषधं आणि लेव्हलची सोय व्हावी, हे मी आमदारांना लिहून दिलं आहे. त्याला निधी लागेल, वेळ लागेल. पण टीबीचं निदान झालेल्या प्रत्येकाला आज एचआयव्ही आहे का, साखर आहे का, हे विचारतात आणि लिहून घेतात. त्याच ओघात, अवयव बसवला आहे का, हेही विचारावं. उत्तर हो आलं, तर रिफॅम्पिसिन सुरू करण्याआधी प्रत्यारोपण केलेल्या डॉक्टरांना फोन करावा आणि जिल्ह्याच्या साठ्यातून रिफाब्युटिन मागवावं. याला नवी योजना लागत नाही, एक परिपत्रक लागतं.